फोनवर ऑफिसचा मेल येत नाही, तो नक्की अडकतो कुठे

माझा मामेभाऊ चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. गेल्या पावसाळ्यात साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, कारण रात्री अकराला मेल आला होता की सकाळची पहिली गाडी रद्द, माल दुसऱ्या प्लांटला जाणार, आणि हा सहाला येऊन नेहमीची गाडी भरून मोकळा. तो सांगत होता मला मेल आलाच नाही, आणि साहेब लॅपटॉपवर दाखवत होते की हा बघ गेलाय, वेळ बघ. दोघंही खरंच बोलत होते. मेल सर्व्हरवर, म्हणजे कंपनीचा सगळा मेल जिथे येऊन साठतो त्या कॉम्प्युटरवर, रात्री अकरालाच पोचला होता, फोनवर मात्र तो सकाळी पावणेआठला उतरला, चहाच्या वेळी ह्याने ॲप उघडलं तेव्हा, आणि एकदम चौदा मेल धडाधड पडले.

मला ह्या गोष्टीचा फार त्रास होतो, कारण फोनमधल्या एका सेटिंगमुळे चांगला कामाचा माणूस बेजबाबदार ठरतो आणि त्याला स्वतःची बाजूही नीट मांडता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, मेल फोनपर्यंत येतो कसा आणि वाटेत कुठेकुठे थांबतो.

सगळ्यात आधी एक विनंती, मेल येत नाहीये म्हटल्यावर लगेच अकाउंट डिलीट करून परत टाकू नका. बहुतेक जण हेच करतात आणि कधीकधी त्याने चालूही होतं, पण आउटबॉक्समध्ये अडकलेले मेल आणि फोनवरच सेव्ह झालेले ड्राफ्ट त्यात जातात, आणि मूळ कारण तसंच राहिल्यामुळे चार दिवसांनी परत तेच. वर कंपनीची सिक्युरिटी कडक असेल तर अकाउंट परत टाकताना फोनची नव्याने परवानगी लागते आणि मग शुक्रवारी संध्याकाळी आयटीवाल्यांच्या मागे धावायची वेळ येते.

त्याऐवजी फोनमधलाच ब्राउझर उघडा, क्रोम असो नाहीतर सफारी, आणि वेबवर आपल्या मेलमध्ये लॉगिन करा. मायक्रोसॉफ्टचं असेल तर आउटलूक वेब, गूगलचं असेल तर जीमेल, छोट्या कंपनीचं असेल तर त्यांचं वेबमेल. तो न आलेला मेल तिथे दिसतोय का बघा. दिसत असेल तर सर्व्हरपर्यंत सगळं ठीक आहे आणि गडबड तुमच्या फोनकडे आहे. तिथेही नसेल तर फोनची सेटिंग कितीही चाळली तरी काही उपयोग नाही, मेल मागेच कुठेतरी राहिलाय, स्पॅममध्ये गेलाय, एखाद्या नियमाने दुसऱ्या फोल्डरला गेलाय नाहीतर पाठवणाऱ्याकडूनच निघालेला नाही. आणि लॉगिनच होत नसेल तर प्रश्न बहुधा पासवर्डचा आहे. दोन मिनिटांच्या ह्या एका तपासणीने निम्मं काम होतं, आणि आयटीवाल्यांनाही हे सांगितलं की ते लगेच मुद्द्यावर येतात.

आता मेल फोनवर उतरतो कसा ते बघू, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळत जातं. दोन रीती आहेत. एकीत फोन ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारतो की काही नवीन आलंय का, दर पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने, ह्याला फेच म्हणतात. दुसरीत मेल आल्याबरोबर सर्व्हर फोनला उठवतो, तो पुश. पुश म्हटल्यावर वाटतं की सर्व्हर वाट्टेल तेव्हा आपल्या फोनमध्ये शिरू शकतो, पण तसं होत नाही, मोबाईल नेटवर्कवरच्या फोनला बाहेरून असं थेट गाठता येत नाही, लाईन आधी फोननेच लावलेली असावी लागते. एक्सचेंज नावाची मायक्रोसॉफ्टची जी मेल व्यवस्था आहे तिच्यात फोन सर्व्हरला विचारतो, काही आलं का, आणि सर्व्हर लगेच उत्तर देत नाही, लाईन तशीच धरून ठेवतो. दोघंही गप्प. मेल आला की त्याच लाईनवरून सांगतो की आलाय, घे. बराच वेळ काहीच आलं नाही तर काही नाही म्हणून सांगतो आणि फोन परत नवीन लाईन लावतो. आयमॅप नावाची मेल बघायची जी जुनी सर्वमान्य पद्धत आहे तिच्यातही आयडल म्हणून असाच प्रकार आहे, १९९७ मध्ये तो ठरला. आणि जीमेल, आउटलूक ह्यांची स्वतःची ॲप वापरलीत तर ती प्रत्येकी वेगळी लाईन धरून बसत नाहीत, अँड्रॉइडवर गूगलची आणि आयफोनवर ॲपलची एकच सामायिक लाईन असते, सगळ्या ॲपची नोटिफिकेशन त्याच एका लाईनवरून येतात.

सांगायचा मुद्दा, ही लाईन जिवंत ठेवायचं काम फोनचं आहे, आणि फोनला बॅटरी वाचवायची आहे. भांडण इथे आहे.

अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या मार्शमेलोपासून डोझ नावाची सोय आली. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद आहे आणि फोन एका जागी पडून आहे असं दिसलं की सिस्टीम ॲपचं नेट आणि सिंक, म्हणजे सर्व्हरशी जुळवून घेणं, थांबवते, मधूनमधून थोडी खिडकी उघडते तेवढ्यात सगळ्यांनी आपापली कामं उरकायची, आणि जितका वेळ फोन पडून राहील तितकं ह्या दोन खिडक्यांमधलं अंतर वाढत जातं. म्हणजे रात्री चार्जिंगला न लावता टेबलावर ठेवलेला फोन सगळ्यात गाढ झोपलेला असतो. महत्त्वाची म्हणून पाठवलेली नोटिफिकेशन डोझमधूनही आत येऊ शकतात, म्हणून व्हॉट्सॲपचा मेसेज वाजतो आणि ऑफिसचा मेल मात्र गपचूप पडून राहतो असा अनुभव येतो, विशेषतः फोनसोबत आलेलं साधं ईमेल ॲप वापरत असाल तर, कारण ते अजूनही स्वतःची लाईन धरून किंवा फेच करून काम चालवतं. पुढे २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ आलं त्यात सिस्टीम ॲपची प्रतवारी करायला लागली, जे ॲप तुम्ही रोज उघडता त्याला मोकळीक जास्त आणि जे चार-आठ दिवसांत उघडलंच नाही त्याला कमी. सुट्टीवरून आल्यावर मेल उशिरा यायला लागतात त्याचं एक कारण हे असू शकतं.

हे झालं गूगलचं. त्याच्यावर फोन कंपन्यांचं स्वतःचं बॅटरी सांभाळणं असतं आणि आपल्याकडे जे फोन जास्त चालतात त्यांच्यात ते बरंच कडक आहे. शाओमी-रेडमी-पोकोमध्ये ऑटोस्टार्ट नावाची परवानगी वेगळी असते, ती नसेल तर ॲप पाठीमागे स्वतःहून उठू शकत नाही. ओप्पो-रिअलमीमध्ये ऑटो लाँच आणि बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी, विवोमध्ये बॅटरीच्या आत बॅकग्राउंड पॉवरची यादी, सॅमसंगमध्ये स्लीपिंग ॲप्स आणि डीप स्लीपिंग ॲप्स अशा दोन याद्या, त्यातल्या डीपवाल्या यादीत मेलचं ॲप गेलं तर तुम्ही उघडेपर्यंत ते काहीच करत नाही. नावं मॉडेलप्रमाणे थोडी बदलतात म्हणून सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत ‘बॅटरी’ किंवा ‘ऑटोस्टार्ट’ टाईप करून शोधा, मेनू चाळत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या बऱ्याच फोनमध्ये मेल ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरलं की ॲप इन्फो येतं, त्यात बॅटरी, त्यात अनरिस्ट्रिक्टेड, ते निवडायचं. त्याच पानावर मोबाईल डेटामध्ये बॅकग्राउंड डेटा चालू आहे ना आणि डेटा सेव्हर लावला असेल तर ह्या ॲपला त्यातून सूट आहे ना तेही बघून घ्या.

अजून एक सवय आहे ती मोडायला लोक तयार होत नाहीत. दर थोड्या वेळाने सगळी उघडी ॲप वर ढकलून साफ करायची. तुमचा फोन त्याने हलका होत नाही, उलट काही फोनमध्ये असं ढकललं की ॲप जबरदस्तीने बंद होतं, आणि अँड्रॉइडमध्ये जबरदस्तीने बंद केलेल्या ॲपला पुश नोटिफिकेशनसुद्धा मिळत नाही, तुम्ही ते परत हाताने उघडेपर्यंत. फोनची मेमरी साफ करणारी ती झाडूच्या चित्रवाली काही ॲपही तेच करतात. मामेभाऊ नेमका हेच करायचा, रात्री झोपण्याआधी सगळं साफ, फोन कपाटावर, चार्जिंग सकाळी. घरात पिन एकच आणि ती बायकोच्या फोनला, त्यामुळे तसं.

बॅटरीचाच प्रॉब्लेम आहे हे ओळखायची सोपी खूण सांगतो. एक दिवस फोन चार्जिंगला लावून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी मेल पाठवायला सांगा. चार्जिंगला असताना वेळेवर येतोय आणि काढल्यावर उशिरा, म्हणजे समजायचं.

आयफोनवाल्यांचं वेगळं आहे पण तेवढंच फसवं आहे. सेटिंगमध्ये मेलच्या अकाउंटच्या खाली ‘फेच न्यू डेटा’ म्हणून पान आहे, आयओएस १८ पासून ते ॲप्सच्या आत मेलमध्ये गेलंय. तिथे प्रत्येक अकाउंटसमोर पुश, फेच की मॅन्युअल ते लिहिलेलं असतं. मॅन्युअल असेल तर ॲप उघडल्याशिवाय मेल येणार नाही. फेचमध्ये ‘ऑटोमॅटिकली’ नावाचा पर्याय आहे, नावावरून वाटतं की हाच बरा, पण त्यात फोन चार्जिंगला असेल आणि वायफायवर असेल तरच पाठीमागे मेल आणला जातो. दिवसभर फिरतीवर असणाऱ्या माणसाला हा पर्याय अजिबात कामाचा नाही, त्याने पंधरा मिनिटं निवडावीत. जीमेलचं साधं अकाउंट ॲपलच्या मेल ॲपमध्ये टाकलं तर त्याला पुश मिळतच नाही, लगेच मेल हवा असेल तर गूगलचं जीमेल ॲपच टाका. आणि बॅटरी पिवळी दिसतेय म्हणजे लो पॉवर मोड चालू आहे, त्यात मेल आणणं थांबतं, हे कित्येकांना ठाऊकच नसतं आणि ते तो मोड कायमचा चालू ठेवतात.

आता पासवर्ड. ह्यात एक जुनी गोष्ट समजून घ्या. पूर्वी फोनमधलं मेल ॲप तुमचा पासवर्ड साठवून ठेवायचं आणि दरवेळी तोच सर्व्हरला द्यायचं. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कंपन्यांच्या मेलवर ही पद्धत बंद केली, गूगलने ३० मे २०२२ ला साध्या अकाउंटची आणि २०२५ मध्ये कंपन्यांच्या अकाउंटचीही. आता लॉगिनच्या वेळी गूगलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं पान उघडतं, तिथे तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी देता आणि ॲपला फक्त एक पास मिळतो, गेटवर मिळतो तसा. पासवर्ड बदलला, कंपनीने पास रद्द केला, की ॲपला परत लॉगिन लागतं, आणि ते सांगणारी लाल पट्टी नोटिफिकेशनच्या गर्दीत दिसत नाही. जुन्या फोनमधलं जुनं मेल ॲप असेल तर त्याला हे नवं पान उघडताच येत नाही, ते पासवर्ड बरोबर टाकला तरी चुकीचा आहे म्हणत राहतं. तिथे डोकं खाजवत बसू नका, आउटलूक किंवा जीमेल ॲप टाका. गूगलच्या अकाउंटला फारच गरज असली आणि कंपनीने परवानगी दिली असली तर टू स्टेप, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी खात्रीही मागणारं लॉगिन, चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढता येतो.

पासवर्ड बदलल्यावर अकाउंट सारखं लॉक होतंय असं कुणी सांगितलं की मी पहिला प्रश्न विचारतो, घरी जुना फोन किंवा टॅब आहे का. ज्या कंपन्यांचा सर्व्हर अजून त्यांच्याकडेच, जुन्या पद्धतीने चालतो तिथे हे जास्त होतं. मुलांच्या हातात दिलेल्या जुन्या टॅबमध्ये ऑफिसचं अकाउंट तसंच असतं, तो टॅब वायफायवर आला की जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहतो, चार-पाचदा चुकलं की सर्व्हर अकाउंटच लॉक करतो, आणि तुम्ही तिकडे ऑफिसात बसून नवीन फोनमध्ये कारण शोधताय. त्या टॅबमधून अकाउंट काढा.

कंपनीच्या नियमांचं थोडं सांगतो. काही ठिकाणी नवीन फोनवर मेल टाकला की तो आधी अडवला जातो, आयटीने मंजूर केल्यावरच सुरू होतो, तोपर्यंत इनबॉक्समध्ये फार तर एखादा सूचनेचा मेल दिसतो. काही ठिकाणी फोनला स्क्रीन लॉक नसेल, अँड्रॉइडची आवृत्ती फार जुनी असेल किंवा फोन नियमात बसतो का ते तपासणारं कंपनी पोर्टल नावाचं ॲप बरेच दिवस उघडलेलं नसेल तर मेल गुपचूप थांबतो. अँड्रॉइडवर ऑफिसच्या ॲपवर छोटी ब्रीफकेस दिसत असेल तर ती वर्क प्रोफाइलमध्ये, म्हणजे फोनमधल्या ऑफिससाठीच्या वेगळ्या कप्प्यात आहेत, आणि ते प्रोफाइल एका बटणाने बंद ठेवता येतं, रविवारी कुणीतरी बंद करतो आणि सोमवारी चालू करायचं विसरतो. पण ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जुन्या पद्धतीने फोनच्या साध्या मेल ॲपमध्ये एक्सचेंज अकाउंट टाकताना एक स्क्रीन येतो, डिव्हाइस ॲडमिनची परवानगी द्या म्हणून, त्यात कंपनीला दूरवरून फोनमधला सगळा डेटा पुसायचा अधिकारही असतो. सगळा म्हणजे तुमचे फोटोसुद्धा. नोकरी सोडताना असा फोन पुसला गेला तर घरचे फोटो परत मिळत नाहीत. वर्क प्रोफाइल असेल तर फक्त ऑफिसचा भाग पुसला जातो. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनमध्ये ऑफिसचा मेल टाकताना वर्क प्रोफाइलच मागा, आणि तो स्क्रीन वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

छोट्या कंपन्यांत एक वेगळाच प्रकार असतो आणि तो समजायला सगळ्यात अवघड जातो. सकाळी नऊला फोनवर मेल दिसतात, दहाला ऑफिस उघडलं की ते फोनमधून गायब. मालकाला वाटतं कुणीतरी मुद्दाम मेल उडवतंय, आणि अशा संशयावरून ऑफिसातली माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालेली मी पाहिली आहेत. होतं असं की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर अकाउंट पॉप पद्धतीने लावलेलं असतं. पॉप म्हणजे पोस्टात जाऊन सगळी पत्रं पिशवीत भरून घरी आणणं, पोस्टात मागे काही उरत नाही. आयमॅप म्हणजे पत्रं पोस्टातच राहतात, आपण तिथे जाऊन वाचतो, मग दहा जण वाचायला गेले तरी सगळ्यांना तीच दिसतात. कॉम्प्युटर चालू झाला की तो सर्व्हर रिकामा करतो आणि आयमॅपवरचा फोन बिचारा रिकामा सर्व्हर बघून आपली यादीही रिकामी करतो. तात्पुरता उपाय, कॉम्प्युटरवरच्या आउटलूकमध्ये अकाउंटच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये सर्व्हरवर प्रत ठेवा ही टिक करायची आणि किती दिवसांनी काढायची तो आकडा वाढवायचा. कायमचा उपाय, आधी जुन्या मेलचा बॅकअप घ्यायचा आणि मग कॉम्प्युटरही आयमॅपवर आणायचा. सेटिंगमध्ये पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर, विचारलं तर आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, पाठवायला ४६५ किंवा ५८७. मेल येतात पण जात नाहीत असं असेल तर पहिली शंका ह्या पाठवायच्या पोर्टवर आणि तिथे यूजरनेम-पासवर्ड टाकायचा राहिलाय का ह्यावर घ्या.

बाकी किरकोळ पण रोज दिसणाऱ्या गोष्टी. आउटलूक ॲपमध्ये इनबॉक्सचे फोकस्ड आणि अदर असे दोन भाग असतात, अदरमध्ये पडलेला मेल लोकांना आलाच नाही वाटतो. जीमेल ॲप फोनवर तीस दिवसांचेच मेल ठेवतं, सेटिंगमध्ये ते वाढवता येतं. गूगलच्या फुकट अकाउंटची १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते, ती भरली की नवीन मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात, तुमच्या इनबॉक्समध्ये ते दिसतच नाहीत. फाईल मेलमधून जाताना तिचा आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून २० एमबीची फाईल २५ एमबीच्या मर्यादेत बसत नाही आणि आउटबॉक्समध्ये अडकून राहते. फोनची तारीख-वेळ हाताने लावलेली असेल आणि चुकली असेल तर सुरक्षित जोडणीच होत नाही. आणि अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲपला नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, घाईत नको म्हटलं असेल तर मेल आत येऊन पडलेला असतो, फक्त वाजत नाही.

मामेभावाच्या फोनसाठी मी चारच गोष्टी केल्या, साध्या ईमेल ॲपऐवजी आउटलूक टाकलं, त्याला ऑटोस्टार्ट दिलं, बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड केली, आणि रात्रीचं साफ करणं बंद करायला लावलं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला त्याच्याच ऑफिसातल्या एकाला टेस्ट मेल पाठवायला सांगितला, फोन कपाटावर, चार्जिंगशिवाय, एका मिनिटात वाजला. दिवाळीच्या सुमारास फोनला मोठं अपडेट आलं आणि ऑटोस्टार्ट परत बंद झालेलं होतं, ते मात्र त्याने स्वतःच शोधलं, आणि शिफ्टमधल्या अजून दोघांच्या फोनमध्येही बसमध्ये बसल्याबसल्या चालू करून दिलं.